ख्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल

ख्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल (२२ सप्टेंबर १७५० – ७ एप्रिल १८१६) हे जर्मन शिक्षक, धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि वनस्पतिनिरीक्षक होते. फुलांची रचना, रंग, गंध आणि मकरंद यांचा कीटकांशी असलेला संबंध पद्धतशीर निरीक्षणाने उलगडून दाखविणारे ते पहिले अभ्यासक मानले जातात. १७९३ साली बर्लिन येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जर्मन ग्रंथाच्या शीर्षकाचा अर्थ, फुलांच्या रचनेतील व फलनातील निसर्गाचे उलगडलेले रहस्य, असा होतो. परागीभवनाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ या ग्रंथापासून धरला जातो. फूल आणि कीटक यांची भागीदारी ही विधात्याची बुद्धिपुरस्सर केलेली योजना आहे, अशी श्प्रेंगेल यांची दृढ श्रद्धा होती. त्यांच्या शोधांमागे ही श्रद्धाच होती. पुढे त्यांच्या ग्रंथाची जी उपेक्षा झाली तिच्या कारणांतही तिचा वाटा होता.

पूर्वायुष्य

श्प्रेंगेल यांचा जन्म प्रशियातील हाफेल नदीकाठच्या ब्रांडेनबुर्ग या गावी झाला. त्यांचे वडील एर्न्स्ट व्हिक्टर श्प्रेंगेल हे लूथरपंथीय धर्मोपदेशक होते. ख्रिस्टियान कोनराड हे मोठ्या कुटुंबातील शेंडेफळ. ते लहान असतानाच वडिलांचे निधन झाले. घरची परंपरा धर्मसेवेची असल्यामुळे त्यांनी १७७० मध्ये हाले विद्यापीठात धर्मशास्त्र आणि प्राचीन भाषांच्या अध्ययनासाठी प्रवेश घेतला. तेथील शिक्षण संपवून १७७४ मध्ये ते बर्लिनला आले आणि शिक्षकी पेशात शिरले. धर्मोपदेशकाचे पद त्यांनी कधीच स्वीकारले नाही. वनस्पतिशास्त्राचा इतिहास लिहिणारे कुर्ट श्प्रेंगेल हे त्यांचे पुतणे होत. दोघांचे आडनाव एकच असल्याने त्यांच्या कार्याविषयी वाचकांचा गोंधळ होऊ शकतो.

१७८० मध्ये स्पांडाऊ येथील लूथरपंथीय नगरशाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हाफेल आणि श्प्रे या नद्यांच्या संगमावरील हे गाव आज बर्लिन शहराचा भाग आहे. त्या काळी मात्र भोवताली कुरणे, दलदल आणि जंगल असलेले ते एक लहानसे तटबंदीचे गाव होते. श्प्रेंगेल तेथे प्रामुख्याने भाषा शिकवीत. वनस्पतींशी त्यांचा फारसा परिचय नव्हता. तो झाला आजारपणामुळे. डोळ्यांच्या विकाराने आणि प्रकृतीच्या सततच्या चिंतेने त्रस्त असलेल्या श्प्रेंगेल यांना एर्न्स्ट लुडव्हिग हाइम या डॉक्टरांनी मोकळ्या हवेत हिंडण्याचा आणि वनस्पतींकडे लक्ष देण्याचा सल्ला दिला. हाइम स्वतः वनस्पतींचे जाणकार होते. पुढे विख्यात झालेल्या अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांनाही वनस्पतिशास्त्राचे पहिले धडे त्यांनीच दिले. औषध म्हणून सुरू झालेला हा छंद श्प्रेंगेल यांच्या आयुष्याचा मुख्य उद्योग होऊन बसला.

तत्कालीन विचारविश्व

अठराव्या शतकातील युरोपात निसर्गाच्या अभ्यासातून ईश्वराच्या अस्तित्वाची व शहाणपणाची साक्ष शोधणारी एक मोठी विचारपरंपरा होती. इंग्लंडमध्ये जॉन रे यांचा १६९१ सालचा आणि विल्यम डेरम यांचा १७१३ सालचा ग्रंथ या परंपरेत विशेष गाजले. जर्मनीत फ्रीडरिख ख्रिस्टियान लेसर या धर्मोपदेशकाने १७३८ मध्ये केवळ कीटकांच्या आधारे ईश्वरविद्या मांडणारे पुस्तक लिहिले. घड्याळाची रचना पाहून घड्याळजी असला पाहिजे असे जसे आपण मानतो, तसेच प्राण्याच्या अवयवांतील योजना पाहून योजकाचे अस्तित्व मानावे, हा या लेखनाचा गाभा होता. यातील बरेचसे लेखन सृष्टीतील प्रत्येक वस्तू माणसाच्या उपयोगासाठी निर्माण झाली आहे, या गृहीतावर उभे होते. फुलांचे रंग माणसाच्या डोळ्यांना सुख देण्यासाठी, सुगंध त्याच्या नाकासाठी आणि मध त्याच्या ताटासाठी.

वनस्पतींना लिंगभेद असतो हे रूडोल्फ याकोब कामेरारियुस यांनी १६९४ मध्ये प्रयोगांनी दाखविले होते आणि लिनियस यांनी आपले वर्गीकरण पुंकेसर व स्त्रीकेसर यांच्या संख्येवर बेतले होते. योझेफ गोट्लीब क्योलरॉयटर यांनी १७६१ ते १७६६ या काळात प्रसिद्ध केलेल्या संकराच्या प्रयोगांच्या अहवालांत, काही फुलांचे पराग कीटक वाहून नेतात, हेही नोंदविले होते. तरीही एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर असले म्हणजे ते फूल आपल्याच परागांनी फलित होणार, हे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ गृहीत धरीत. मकरंद कशासाठी असतो याचे समाधानकारक उत्तर कोणापाशी नव्हते. काहींच्या मते तो वाढत्या बीजाचे अन्न होता आणि मधमाशी ते चोरून नेत होती.

लव, वलय आणि कुक्षी

१७८७ च्या उन्हाळ्यात श्प्रेंगेल जिरेनियम सिल्व्हॅटिकम या रानफुलाचे निरीक्षण करीत होते. पाकळ्यांच्या तळाशी दोन्ही कडांना मऊ लव असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. शहाण्या निर्मात्याने एक केसही निष्कारण निर्माण केलेला नसणार, अशी त्यांची खात्री होती. त्यामुळे, ही लव कशासाठी, हा प्रश्न त्यांना टाळता येईना. त्या लवेखाली मकरंदाचे थेंब होते. कपाळावरचा घाम भुवया आणि पापण्या जसा डोळ्यांत उतरू देत नाहीत, तसेच पाकळीवर पडलेले पावसाचे पाणी ही लव मकरंदापर्यंत पोहोचू देत नसावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मकरंद इतक्या काळजीने जपला जात असेल तर तो कोणासाठी तरी असला पाहिजे, आणि तो घेण्यास येतात ते कीटक.

पुढील वर्षी, १७८८ मध्ये, त्यांनी निळ्या रंगाचे मायोसोटिस अर्थात फर्गेट-मी-नॉट हे फूल तपासले. त्याच्या नळीच्या तोंडाभोवती पिवळे वलय असते. निळ्या पाकळ्यांवर उठून दिसणारे हे वलय कीटकाला मकरंदाची वाट दाखवीत असावे, असे त्यांना वाटले. मग त्यांनी इतर फुले धुंडाळली आणि ठिपके, रेषा किंवा वेगळ्या रंगाचा डाग असेल तेथे तो मकरंदाच्या प्रवेशद्वाराशीच असतो, असे त्यांना आढळले. या मधुदर्शक खुणांची कल्पना ही त्यांचीच. फुलाचा एकूण रंग दुरून बोलावण्यासाठी आणि खूण जवळ आल्यावर दार दाखविण्यासाठी, अशी ही दोन टप्प्यांची योजना त्यांनी मांडली. तिला त्यांनी स्वतःच एक कसोटी लावली. रात्री उमलणाऱ्या फुलांच्या पाकळ्या मोठ्या व फिकट असतात, म्हणजे अंधारात त्या दिसाव्यात. पण अशा फुलांवर मधुदर्शक खुणा नसतात, कारण अंधारात त्या दिसल्याच नसत्या. दिवसा व रात्री उमलणाऱ्या फुलांमधील हा भेद आजही विद्यार्थ्यांना शिकविला जातो.

येथपर्यंत त्यांच्या विचारात फूल दाता होते आणि कीटक केवळ पाहुणा. १७८९ मध्ये आयरिसच्या काही जाती पाहताना हे चित्र पालटले. आयरिसची कुक्षी अशा जागी असते की परागकोशांतील पराग आपोआप तिच्यावर पडू शकत नाहीत. मकरंदासाठी आत शिरणाऱ्या कीटकाची पाठ मात्र दोन्हींना घासते. कीटकाविना या फुलाला बीज धरणे अशक्य आहे, हे श्प्रेंगेल यांना उमगले आणि मकरंदाचा अर्थ एकदम बदलला. तो दान नसून मोबदला होता. निर्मात्याने एकाच साधनाने दोन हेतू साधले, कीटकाचे पोट आणि फुलाचे फलन, असे त्यांनी या शोधाचे वर्णन केले. या मांडणीत माणसाला कोठेही स्थान नव्हते, ही गोष्ट सहज नजरेआड होते. फुलाचा रंग कीटकाच्या डोळ्यांसाठी आणि कीटकाचे केसाळ अंग फुलाच्या परागांसाठी. त्यांच्या आधीच्या ईश्वरविद्येत ज्याच्याभोवती सारे फिरत असे, तो माणूस येथे उन्हात बसून पाहणारा प्रेक्षक उरला.

भिन्नकालपक्वता

१७९० च्या उन्हाळ्यात एपिलोबियम अँगुस्टिफोलियम या गुलाबी फुलांच्या वनस्पतीने त्यांना सर्वांत मोठा धक्का दिला. नुकत्याच उमललेल्या फुलात परागकोश फुटून पराग सांडत असतात, पण कुक्षी मिटलेली असते आणि तिचा देठ खाली वाकलेला असतो. काही काळाने परागकोश रिते होऊन सुकतात. त्यानंतर तो देठ सरळ उभा राहतो आणि कुक्षीची चार दले उघडतात. फूल आधी नर असते आणि मग मादी. त्याचे स्वतःचे पराग त्याच्या कामी येण्याची शक्यता फारशी उरत नाही. कीटकाने कोवळ्या फुलातले पराग जून फुलात नेले तरच बीज धरते. युफोर्बियाच्या एका जातीत त्यांना हाच क्रम उलटा आढळला. तेथे कुक्षी आधी तयार होते आणि पराग नंतर. पुंकेसर व स्त्रीकेसर वेगवेगळ्या वेळी पक्व होण्याच्या या प्रकाराला भिन्नकालपक्वता म्हणतात. एकाच फुलात दोन्ही अवयव असूनही आपल्याच परागांनी फलन व्हावे, हे निसर्गाला मान्य नसावे, असे व्यापक विधान श्प्रेंगेल यांनी या निरीक्षणांच्या आधारे केले.

कलौंजीच्या जवळच्या नात्यातील नायजेला आर्व्हेन्सिस या फुलाचे त्यांनी केलेले वर्णन विशेष प्रसिद्ध आहे. या फुलात झाकण असलेल्या लहान मधुपात्रांचे एक वलय असते. मधमाशी त्या वलयावरून फिरत एकेका पात्राचे झाकण उघडते. सुरुवातीला पुंकेसर फुलाच्या मध्यभागी उभे असतात. मग ते पाळीपाळीने बाहेर वाकतात आणि नेमके अशा उंचीवर येतात की खालून फिरणाऱ्या मधमाशीच्या पाठीवर त्यांचे पराग पडावेत. काम संपलेले पुंकेसर आणखी खाली झुकतात आणि पुढच्यांना जागा देतात. सर्व पुंकेसर रिते झाले म्हणजे आतापर्यंत उभे असलेले कुक्षीवृंत वाकू लागतात आणि पुंकेसर जेथे होते त्याच उंचीवर येतात. आता दुसऱ्या फुलातून पराग घेऊन आलेली मधमाशी त्यांच्याखालून फिरते. घड्याळाच्या उपमेवर पोसलेल्या काळात हे फूल पाहून श्प्रेंगेल यांना योजकाची आठवण झाली नसती तरच नवल.

मुख्य ग्रंथ

१७९३ मध्ये बर्लिनचे प्रकाशक फ्रीडरिख फीव्हेग यांनी श्प्रेंगेल यांचा ग्रंथ छापला. त्यात ४६१ वनस्पतींच्या फुलांचे विवेचन असून ताम्रपटांवरून छापलेली २५ चित्रपृष्ठे आहेत. शेकडो आकृत्यांनी भरलेल्या या पृष्ठांची मूळ चित्रे श्प्रेंगेल यांनी स्वतः काढली होती. मकरंद असलेल्या फुलाची रचना त्यांनी काही भागांत विभागली: मकरंद स्रवणारी ग्रंथी, तो साठविणारे पात्र, पावसापासून त्याचे रक्षण करणारे आवरण, आणि कीटकाला तेथवर आणणारे रंग, गंध व खुणा. हे भाग प्रत्येक जातीच्या फुलात कसे आहेत, याची ग्रंथात चिकाटीने तपासणी केलेली आढळते.

ग्रंथातील अभ्यासपद्धतीही त्या काळाच्या मानाने वेगळी होती. वाळवून कागदावर चिकटविलेल्या नमुन्यांवरून जातींची नावे ठरविणे हे तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञाचे मुख्य काम समजले जाई. श्प्रेंगेल यांचे म्हणणे असे की फूल जेथे उगवते तेथे, ऐन दुपारच्या उन्हात, त्याच्याजवळ स्वस्थ बसून कोणता कीटक येतो आणि काय करतो हे पाहिल्याशिवाय फुलाच्या रचनेचा अर्थ लागणार नाही. वाऱ्याने पराग वाहून नेले जाणारी फुलेही त्यांनी या पद्धतीनेच वेगळी काढली. त्यांना भडक रंग, गंध आणि मकरंद नसतो. पराग मात्र हलके आणि विपुल असतात. ज्याला कीटकांची गरज नाही त्याने त्यांच्या स्वागतावर काही खर्च केलेला नाही, ही गोष्ट त्यांना आपल्या उपपत्तीचा पुरावा वाटली, आणि ती तशी होतीही.

मकरंद नसलेली फुले

श्प्रेंगेल यांच्या श्रद्धेची खरी परीक्षा घेणारी निरीक्षणेही याच ग्रंथात आहेत. ऑर्किस या वंशातील काही ऑर्किडांच्या फुलांना मकरंदाच्या फुलाची सर्व लक्षणे असतात. रंग असतो, खूण असते, मकरंदपात्रासारखी लांब पोकळ शेपटीही असते. त्या शेपटीत मकरंदाचा मात्र थेंबही नसतो. श्प्रेंगेल यांनी पुनःपुन्हा तपासून हाच निर्णय दिला: ही फुले कीटकांना फसवितात. मोबदल्याचे आमिष दाखवून काम करून घेतात आणि काहीच देत नाहीत. ॲरिस्टोलोकिया क्लेमॅटिटिस या वेलवर्गीय वनस्पतीचे फूल तर लहान माश्यांना चक्क कोंडून ठेवते. त्याच्या अरुंद नळीतील आतल्या दिशेने वळलेले केस माशीला आत जाऊ देतात, पण बाहेर पडू देत नाहीत. फलनाचे काम झाल्यावर ते केस सुकतात आणि कैद्याची सुटका होते.

दयाळू निर्मात्याच्या सृष्टीत फसवणूक आणि कैद कशी बसवायची, हा प्रश्न दुसऱ्या एखाद्या धर्मनिष्ठ लेखकाने टाळला असता. श्प्रेंगेल यांनी जे दिसले ते नोंदविले आणि तेही निर्मात्याच्या कौशल्याच्याच खाती जमा केले. त्यांचे हे स्पष्टीकरण आजच्या वाचकाला पटो वा न पटो, निरीक्षण लपविण्याचा मोह त्यांना झाला नाही, ही बाब त्यांच्या श्रद्धेचे स्वरूप समजून घेताना महत्त्वाची आहे.

समकालीनांचा प्रतिसाद

श्प्रेंगेल यांचा ग्रंथ कोणीच वाचला नाही, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही. बर्लिनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लुडव्हिग व्हिल्डेनो यांनी त्याची दखल घेतली. इंग्लंडमध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी तर १७९४ मध्येच एका नव्या वनस्पतिवंशाला श्प्रेंगेल यांचे नाव दिले. परंतु ग्रंथाचा जो परिणाम व्हायला हवा होता तो झाला नाही, हे निश्चित. वर्गीकरणात गुंतलेल्या अभ्यासकांना फुलापाशी बसून माश्या मोजणे हे शास्त्रज्ञाचे काम वाटत नव्हते. दुसरीकडे, जर्मन विचारवंतांची नवी पिढी सृष्टीत हेतू शोधण्याच्या प्रवृत्तीलाच कंटाळली होती. इमान्युएल कांट यांनी १७९० मध्ये हेतूची कल्पना ही निसर्गाचा गुणधर्म नसून आपल्या बुद्धीने विचाराच्या सोयीसाठी वापरलेली दृष्टी आहे, अशी मांडणी केली होती. स्वतः वनस्पतींच्या रूपांतरणावर निबंध लिहिणारे महाकवी गटे यांनाही श्प्रेंगेल यांची पद्धत रुचली नाही. निसर्गावर मानवी बुद्धीचे आरोपण केले जात आहे, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे शेल्वर यांनी १८१२ मध्ये आणि आउगुस्ट हेन्शेल यांनी १८२० मध्ये वनस्पतींना लिंगभेद असतो हेच नाकारले. वनस्पतींचे फलनच अमान्य असणाऱ्यांना त्यातील कीटकांचा वाटा पटण्याचा प्रश्नच नव्हता.

आणखी एक उणीव ग्रंथातच होती. परक्या परागांनी फलन होण्यात वनस्पतीचा लाभ कोणता, याचे उत्तर श्प्रेंगेल यांनी दिले नाही. निर्मात्याला तसे हवे होते, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले. त्यामुळे त्यांच्या शोधाचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाचकांच्या दृष्टीने कारणाविना अधांतरी राहिला.

शाळेतील संघर्ष व निवृत्ती

स्पांडाऊच्या शाळेत श्प्रेंगेल यांचे कोणाशी फारसे पटले नाही. ते कडक शिस्तीचे व हट्टी स्वभावाचे शिक्षक होते. विद्यार्थ्यांना ते कठोर शिक्षा करतात, अशी पालकांची तक्रार होती आणि शाळेवर देखरेख करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांशी त्यांचे वारंवार खटके उडत. फुलांमागे हिंडण्यात ते शाळेच्या कामाकडे दुर्लक्ष करतात, हा आक्षेप त्यात भर घालणारा ठरला. यातील प्रत्येक तक्रार निराधार होती असे मानण्याचे कारण नाही. मात्र फुलांच्या वेडापायी नोकरी गमावलेला विद्वान ही जी प्रतिमा पुढे लोकप्रिय झाली, तीत या भांडणांचा मोठा भाग झाकला गेला. १७९४ मध्ये, म्हणजे ग्रंथ निघाल्यानंतर वर्षभरातच, त्यांना १५० थालर इतक्या वार्षिक निवृत्तिवेतनावर पदावरून दूर करण्यात आले.

श्प्रेंगेल बर्लिनला गेले आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. ते अविवाहित होते. साध्या भाड्याच्या जागेत राहून भाषांच्या शिकवण्या करणे आणि अल्प शुल्क घेऊन हौशी मंडळींना रविवारी वनस्पतींच्या सहलीला नेणे, हे त्यांचे उपजीविकेचे पूरक साधन झाले. ग्रंथाचा दुसरा भाग त्यांच्या मनात होता, पण पहिल्याच भागाचे थंडे स्वागत झाल्याने तो कधी प्रसिद्ध झाला नाही. उत्तरायुष्यात ते आपल्या जुन्या विषयाकडे, लॅटिन साहित्याकडे वळले. रोमन कवींच्या पाठचिकित्सेवरील त्यांचे पुस्तक १८१५ मध्ये निघाले.

मधमाश्यांविषयीचे पुस्तक

१८११ मध्ये श्प्रेंगेल यांनी मधमाश्यांची उपयुक्तता आणि मधमाशीपालनाची आवश्यकता या विषयावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या मुख्य ग्रंथाच्या तुलनेत ते कमी परिचित आहे, पण व्यावहारिक दृष्टीने अधिक धाडसी म्हणावे लागेल. मधमाशीचे मोल मध आणि मेण यांवरून ठरविणे चूक आहे. तिचे खरे काम शेतात आणि फळबागेत होते, कारण तिच्याविना कित्येक पिकांना पुरेसे फळ वा बीज धरत नाही, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. म्हणून राज्याने सैन्य बाळगावे तशा मधमाश्यांच्या वसाहती कायम बाळगाव्यात, अशी त्यांची सूचना होती. हे पुस्तक निघाले तेव्हा प्रशिया नेपोलियनकडून झालेल्या पराभवातून सावरत होती आणि सैन्याची फेरउभारणी चालू होती. मधमाश्यांच्या सैन्याची मागणी कोणी मनावर घेतली नाही. पिकांच्या परागीभवनासाठी मधपेट्या शेतात ठेवण्याची पद्धत मात्र आज जगभर रूढ आहे.

७ एप्रिल १८१६ रोजी बर्लिन येथे श्प्रेंगेल यांचे निधन झाले.

डार्विन आणि श्प्रेंगेल

श्प्रेंगेल यांच्या ग्रंथाचे मोल ओळखणाऱ्यांत ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन हे होते. त्यांच्या सांगण्यावरून चार्ल्स डार्विन यांनी नोव्हेंबर १८४१ मध्ये हा ग्रंथ मिळवून वाचला. फुलांच्या परपरागीभवनाकडे डार्विन यांचे लक्ष त्याआधीच गेले होते. श्प्रेंगेल यांच्या निरीक्षणांनी त्यांना साधनसामग्रीचा मोठा साठा मिळाला. १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑर्किडांवरील पुस्तकात आणि त्यानंतरच्या लेखनात डार्विन यांनी श्प्रेंगेल यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. श्प्रेंगेल यांचे नाव पुन्हा शास्त्रीय चर्चेत आले ते प्रामुख्याने यामुळे.

दोघांनी पाहिलेली फुले बहुतांशी तीच होती, स्पष्टीकरण मात्र वेगळे. श्प्रेंगेल यांना जेथे निर्मात्याने एकदाच पूर्ण करून ठेवलेली रचना दिसली, तेथे डार्विन यांना असंख्य पिढ्यांतील लहानलहान बदल आणि त्यांची नैसर्गिक निवड दिसली. परक्या परागांचा लाभ कोणता, या श्प्रेंगेल यांनी सोडून दिलेल्या प्रश्नावर डार्विन यांनी सुमारे अकरा वर्षे प्रयोग केले. परपरागीभवनातून झालेली रोपे स्वपरागीभवनातून झालेल्या रोपांपेक्षा सामान्यतः उंच, सशक्त आणि अधिक बीज देणारी असतात, हा त्यांचा निष्कर्ष १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही वाद तेवढ्याने मिटला नाही. डार्विन यांचे अमेरिकी स्नेही वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. नैसर्गिक निवड मान्य करूनही त्यामागे ईश्वरी योजना असू शकते, असे त्यांचे मत होते. डार्विन यांना ते पटले नाही. या विषयावर दोघांत प्रदीर्घ आणि सौहार्दपूर्ण पत्रव्यवहार झाला.

एका मुद्द्यावर मात्र डार्विन चुकले आणि श्प्रेंगेल बरोबर ठरले. ऑर्किससारखी फुले वर्षानुवर्षे कीटकांना फसवीत राहतात, यावर डार्विन यांचा विश्वास बसेना. मधमाश्या इतक्या मूर्ख नसतात, असे त्यांना वाटे. त्या फुलांच्या शेपटीच्या आतील आवरण भेदून कीटक पेशींमधील रस शोषत असावेत, असा पर्याय त्यांनी सुचविला. नंतरच्या संशोधनाने श्प्रेंगेल यांचेच म्हणणे उचलून धरले. ऑर्किड कुलातील हजारो जाती परागवाहक कीटकांना कोणताही मोबदला देत नाहीत, हे आता मान्य झाले आहे. ज्याने सृष्टीत सर्वत्र शहाणपण शोधले त्याला फसवणूक दिसली, आणि ज्याने जीवनकलहाचा सिद्धान्त मांडला त्याला ती अविश्वसनीय वाटली, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक चमत्कारिक प्रसंग आहे.

पुढील संशोधन आणि स्मृती

डार्विन यांच्यानंतर जर्मनीत हेर्मान म्युलर, इटलीत फेडेरिको डेल्पिनो आणि पुढे पाउल क्नूट यांनी परागीभवनाच्या अभ्यासाचा विस्तार केला. हेर्मान म्युलर यांचा फुलांच्या कीटकांकरवी होणाऱ्या फलनावरील ग्रंथ १८७३ मध्ये आला. क्नूट यांनी १८९४ मध्ये श्प्रेंगेल यांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती एका प्रसिद्ध विज्ञानग्रंथमालेत संपादित केली. त्यामुळे मूळ प्रकाशनानंतर शंभर वर्षांनी तो सामान्य विद्यार्थ्यांच्या हाती पोहोचला.

श्प्रेंगेल यांचे सारे विवेचन, कीटकांना रंग दिसतात, या गृहीतावर उभे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी या गृहीतालाच आव्हान मिळाले. मधमाश्या रंगांध असतात, असे कार्ल फॉन हेस या नेत्रतज्ज्ञाचे ठाम मत होते. १९१४ च्या सुमारास कार्ल फॉन फ्रिश यांनी रंगीत कागदांवर साखरपाणी ठेवून केलेल्या साध्या प्रयोगांनी मधमाश्यांना रंग ओळखता येतात, हे सिद्ध केले. मधमाश्यांना माणसाला न दिसणारा अतिनील प्रकाशही दिसतो, हे पुढे स्पष्ट झाले. आपल्याला एकरंगी भासणाऱ्या अनेक फुलांवर अतिनील प्रकाशात गडद पट्टे आणि वलये दिसतात आणि ती मकरंदाच्या दिशेने नेणारी असतात. मायोसोटिसच्या पिवळ्या वलयावरून श्प्रेंगेल यांनी बांधलेला अंदाज त्यांना स्वतःला कधीही दिसू न शकणाऱ्या खुणांनाही लागू पडला.

बर्लिन येथील डालेमच्या वनस्पतिउद्यानात श्प्रेंगेल यांचे स्मारक आहे. जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी त्यांच्या नावावरून ठेवलेला श्प्रेंगेलिया हा वंश आजही त्याच नावाने ओळखला जातो. या वंशातील झुडपे प्रामुख्याने ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात व टास्मानियात, दलदलीच्या ओल्या जमिनीत वाढतात. श्प्रेंगेलिया इन्कार्नाटा या जातीला फिकट गुलाबी, चांदणीच्या आकाराची फुले येतात.